वक्रता मोजलीत, पण किती मोठ्या खिडकीतून?

या वेळचा लेख नेहमीसारखा नुसता समजावून सांगणारा नाही, थोडा तक्रारीच्या सुरातला आहे. तक्रार कुणा एका पेपरबद्दल नाही, आमच्या क्षेत्रातल्या एका सवयीबद्दल आहे. एखाद्या आकृतीच्या कडेची वक्रता काढायची, तक्त्यात आकडा लिहायचा, आणि तो आकडा कडेच्या किती लांबीच्या तुकड्यावरून काढला हे सांगायचंच नाही, अशी ती सवय. वाचताना हे किरकोळ वाटेल. "सांगायचं राहिलं असेल, त्यात काय?" असंही वाटेल. पण माझं म्हणणं असं आहे की ही लांबी सांगितली नाही, तर तो आकडा अर्धवट नसतो, निरर्थक असतो. का, ते गणित करूनच बघूया. दहावीच्या भूमितीपलीकडचं फारसं काही लागणार नाही.

आधी वक्रता म्हणजे काय

घाटातून गाडी जाताना एखाद्या क्षणी स्टिअरिंग जितकं वळवलेलं असतं, साधारण तितकी त्या जागची रस्त्याची वक्रता. सरळ रस्त्यावर ती शून्य. विहिरीच्या गोल काठाची थोडी, बांगडीची जास्त. वर्तुळासाठी हिशेब सोपा आहे: त्रिज्या R असेल तर वक्रता 1/R. त्रिज्या 50 पिक्सेल असेल तर वक्रता 0.02. कड वर्तुळाकार नसेल तर प्रत्येक बिंदूपाशी तिला सगळ्यात चपखल बसणारं वर्तुळ शोधायचं आणि त्याच्या त्रिज्येवरून वक्रता काढायची. कड बाहेर फुगलेली असेल तर चिन्ह अधिक, आत खाच असेल तर उणे.

याची गरज कुणाला? कड पाहून वस्तू ओळखणाऱ्या प्रत्येकाला: पानांच्या जाती, माशांचे आकार, पेशींची केंद्रकं, हस्ताक्षरं. फ्रेड ॲटनीव्ह या मानसशास्त्रज्ञानं 1954 साली एक झोपलेली मांजर काढून दाखवली. कडेवरचे जास्तीत जास्त वळणाचे 38 बिंदू घेतले आणि ते नुसत्या सरळ रेषांनी जोडले. मांजर लगेच ओळखू येते. म्हणजे आकाराबद्दलची बरीचशी माहिती वळणांपाशी साठलेली असते. तेव्हा वक्रता मोजण्याची हौस योग्यच आहे. अडचण मोजणीत आहे.

पिक्सेलच्या पायऱ्या

संगणकातल्या चित्राची कड गुळगुळीत नसते, ती पायऱ्यापायऱ्यांची असते. 1961 साली हर्बर्ट फ्रीमननं अशी कड लिहून ठेवायची एक सोपी रीत दिली: एका पिक्सेलवरून शेजारच्या पिक्सेलवर जायच्या आठ दिशांना आकडे द्यायचे आणि कड म्हणजे आकड्यांची एक माळ. रीत अजूनही वापरात आहे आणि साठवणीसाठी छान आहे. पण तिच्यावरून थेट वक्रता काढायला गेलात तर काय होईल बघा. दोन लगतच्या पावलांमध्ये दिशा एक तर बदलत नाही, किंवा 45 अंशांनी बदलते, किंवा त्याच्या पटीत. मधलं काहीच शक्य नाही. बांगडी असो की विहीर, एकेका पिक्सेलपाशी मोजलेली वक्रता याच दोन-चार किमतींमध्ये उड्या मारत राहते.

मग उपाय एकच: लांबून बघायचं. शेजारचा पिक्सेल न घेता कडेवरून पाच, दहा, वीस पिक्सेल दूरचे बिंदू घ्यायचे. या अंतराला मी 'खिडकी' म्हणते. वक्रता मोजायची कुठलीही पद्धत घ्या, तिच्यात कुठे ना कुठे ही खिडकी असतेच. कुणी तिला टप्पा म्हणतं, कुणी सिग्मा, कुणी चकतीची त्रिज्या. नाव काहीही असो, ती खिडकीच असते.

आर्यभटाचा शर आणि अर्ध्या पिक्सेलची चूक

सगळ्यात सरळ पद्धत तीन बिंदूंची. ज्या बिंदूपाशी वक्रता हवी तो मधला, आणि कडेवरून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर एकेक. तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातं, त्याची त्रिज्या काढायची. टोकांचे दोन बिंदू जोडले की जीवा मिळते. जीवेच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर म्हणजे 'शर'. कंस हे धनुष्य, जीवा ही दोरी आणि मधला हा बाण, असं आपल्या जुन्या गणितातलं चित्र आहे. आर्यभटीयात (इ.स. 499) नियम आहे की वर्तुळात अर्ध्या जीवेचा वर्ग हा दोन्ही बाजूंच्या शरांच्या गुणाकाराइतका असतो. आपला शर d आणि अर्धी जीवा c धरली, तर दुसऱ्या बाजूचा शर 2R − d होतो. त्यावरून R = (c² + d²) / 2d. आजचा तीन बिंदूंचा अल्गोरिदम सममित मांडणीत नेमका हाच आहे.

आता या शराची लांबी साधारण किती असते ते बघा. खिडकी h असेल तर शर अंदाजे h² × वक्रता / 2 इतका येतो. वक्रता 0.005 आणि खिडकी 20 पिक्सेल घेतली तर शर भरतो फक्त 1 पिक्सेल. आणि तो मोजायला आपल्याकडे जी पट्टी आहे तिच्यावर प्रत्येक बिंदू अर्ध्या पिक्सेलपर्यंत इकडेतिकडे सरकलेला असू शकतो! एक पिक्सेलची वस्तू अर्ध्या पिक्सेलच्या चुकीनं मोजायची. इथेच सगळं दुखणं आहे.

हिशेबासाठी धरूया की प्रत्येक बिंदूची चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत कुठेही सारख्याच शक्यतेनं असते आणि तिन्ही बिंदूंच्या चुका एकमेकींवर अवलंबून नसतात. (खऱ्या पायऱ्यांमध्ये त्या काही प्रमाणात अवलंबून असतात, पण अंदाजाला हे पुरेसं आहे.) मग वक्रतेतली नेहमीची चूक साधारण 0.7/h² इतकी निघते. खिडकी दुप्पट केली की चूक चौपट कमी. 50 पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळावर खिडकी 10 असेल तर चूक सुमारे 35 टक्के, 20 असेल तर 9 टक्के, 40 असेल तर 2 टक्क्यांच्या आसपास.

"मग मोठी खिडकी घ्या की, झालं!" असं तुम्ही म्हणाल. पेपरांतले तक्तेही तेच म्हणताना दिसतात. आणि इथे माझी पहिली तक्रार येते.

वर्तुळावरची परीक्षा फार सोपी आहे

नवी पद्धत मांडली की ती वर्तुळांवर तपासायची, असा रिवाज आहे. कारण उघड आहे, वर्तुळाची खरी वक्रता आधीच माहीत असते. पण वर्तुळाची वक्रता सगळीकडे सारखीच असते. त्यामुळे खिडकी कितीही मोठी केली तरी तिच्यात वेगळं काही शिरत नाही. अचूक बिंदू दिले तर तीन बिंदूंची पद्धत वर्तुळावर कुठल्याही खिडकीला अचूक उत्तर देते. म्हणजे ही परीक्षा मोठ्या खिडकीला फक्त बक्षीस देते, दंड कधीच करत नाही. जिच्यात नापास व्हायची सोयच नाही, तिला परीक्षा कसं म्हणायचं?

आता एक लंबवर्तुळ घ्या. मोठी अर्धअक्ष 100 पिक्सेल, छोटी 50. याच्या टोकाशी वक्रता 0.04 असते (त्रिज्या 25), आणि चपट्या बाजूला 0.005 (त्रिज्या 200). एकाच कडेवर आठपट फरक, आणि आकार तर अगदी साधा. तीन बिंदूंची पद्धत लावली तर माझ्या हिशेबाने असं दिसतं:

खिडकी 20: चपट्या बाजूला पिक्सेलमुळे येणारी चूक सुमारे 35 टक्के. टोकाशी वक्रता खऱ्यापेक्षा सुमारे 9 टक्के कमी येते.

खिडकी 40: चपट्या बाजूची चूक 9 टक्क्यांवर येते. पण टोकाशी वक्रता खऱ्यापेक्षा सुमारे 25 टक्के कमी येते.

दुसरी चूक पहिलीसारखी नाही, हे लक्षात घ्या. पहिली इकडेतिकडे हलणारी आहे. दहा वेळा मोजून सरासरी घेतली तर कमी होईल. दुसरी एकाच बाजूला झुकलेली आहे. शंभर वेळा मोजलंत तरी टोक प्रत्येक वेळी बोथटच दिसणार, कारण खिडकी टोकाच्या आजूबाजूचा चपटा भागही आत घेते. आणि सरासरीत ती लपते: कडेवरच्या सगळ्या बिंदूंची मिळून एकच चूक सांगितली तर थोड्याशा टोकांवरचं नुकसान दिसतच नाही. पण ॲटनीव्हच्या मांजरीनं काय शिकवलं होतं? ओळख पटते ती टोकांवरूनच.

वर्ंग आणि स्मेउल्डर्स या दोघांनी 1993 साली या विषयावर एक शिस्तशीर पेपर लिहिला. वक्रतेकडे बघायच्या तीन रीती (दिशेतला बदल, डेरिव्हेटिव्ह, आणि चपखल बसणारं वर्तुळ) त्यांनी वेगळ्या काढल्या आणि झुकणारी व हलणारी चूक स्वतंत्रपणे मोजली. हे वेगळं मोजणं त्यांच्याकडून सगळ्यांनी घ्यायला हवं होतं. आजही कितीतरी तक्त्यांत दोन्ही चुका एका आकड्यात कालवलेल्या असतात.

गुळगुळीत करणं निरुपद्रवी नाही

दुसरा लोकप्रिय मार्ग म्हणजे आधी कड गुळगुळीत करायची, मग डेरिव्हेटिव्ह काढायचे. गुळगुळीत करायला बहुतेक वेळा गाऊसचं घंटेच्या आकाराचं वजन वापरतात. सिग्मा ही त्या घंटेची रुंदी, म्हणजे इथली खिडकी. सर्वसाधारण समज असा की यामुळे वळणं मऊ होतात, म्हणून वक्रता फार तर कमी होईल.

तसं नेहमी होत नाही. R त्रिज्येच्या वर्तुळावर हे वजन फिरवलं तर वर्तुळ वर्तुळच राहतं, पण आकसतं. नवी त्रिज्या R × e^(−σ²/2R²). त्रिज्या 10 आणि सिग्मा 5 असेल तर ती 8.8 होते. म्हणजे वक्रता 0.1 वरून 0.113 वर, 13 टक्क्यांनी जास्त! टोकदार भागाची वक्रता घटते, छोट्या गोल आकाराची वाढते, आणि दोन्ही एकाच चित्रात होऊ शकतं. डेव्हिड लो यांनी 1989 साली या आकसण्यावर दुरुस्ती सुचवली होती. ती ज्या पेपरांत लावलेली नसते, त्यांनी निदान तसं लिहावं, एवढीच अपेक्षा.

इथे एका कामाची बाजू मात्र घ्यायला हवी. मोख्तारियन आणि मॅकवर्थ यांनी 1986 मध्ये म्हटलं की एकच खिडकी निवडायचीच कशाला? सिग्मा हळूहळू वाढवत न्या आणि प्रत्येक पायरीला वक्रता कुठे कुठे शून्य होते, म्हणजे वळणाची बाजू कुठे बदलते, ते टिपत जा. छोट्या खाचा लवकर पुसल्या जातात, मोठ्या उशिरा. कुठली खाच कितव्या सिग्मापर्यंत टिकली, हीच आकाराची ओळख. खिडकी लपवण्याऐवजी तिलाच आलेखाचा एक अक्ष बनवलं. माझ्या तक्रारीला याहून प्रामाणिक उत्तर मला सापडलेलं नाही. पुढे एमपेग-7 या मानकात कडेचं वर्णन करायला हीच पद्धत घेतली गेली.

पण किंमतही मोजावी लागली. वक्रतेच्या किमती टाकून दिल्या, फक्त शून्यं ठेवली. ज्या आकाराला एकही खाच नाही त्याची वक्रता कुठेच चिन्ह बदलत नाही. म्हणजे वर्तुळ, चौकोन, त्रिकोण या सगळ्यांचा आलेख कोराच! त्यासाठी मानकात गोलाई आणि लांबटपणा अशी दोन मापं वेगळी जोडावी लागली. पद्धत वाईट नाही. पण 'आकाराची वक्रता वापरली' असं जेव्हा लिहितात तेव्हा वक्रतेचा किती भाग वापरला, हे वाचकाला कळायला हवं.

हमी कशी असावी

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो. डेरिव्हेटिव्ह काढायचेच नाहीत. कडेवरच्या बिंदूवर R त्रिज्येची एक चकती ठेवायची आणि तिचा किती भाग आकृतीच्या आत येतो ते मोजायचं. कड सरळ असेल तर बरोबर अर्धा. बाहेर फुगलेली असेल तर अर्ध्याहून कमी. आतलं क्षेत्रफळ A असेल तर वक्रता अंदाजे 3π/2R − 3A/R³. मघाच्या चपट्या बाजूवर R = 20 घेतला तर अर्धी चकती 628 पिक्सेलची, आणि वक्रतेमुळे पडणारा फरक सुमारे 13 पिक्सेलचा. एका पिक्सेलचा शर मोजण्यापेक्षा तेरा पिक्सेलचा फरक मोजणं नक्कीच बरं, कारण इथे चुका बेरजेत एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात.

कोएरजोली, लाशो आणि लव्हालुआ यांनी या पद्धतीला एक सिद्ध केलेली हमी दिली. पिक्सेलची बाजू लहान करत गेलो आणि चकतीची त्रिज्या बाजूच्या घनमुळाच्या प्रमाणात ठेवली, तर चुकीची वरची मर्यादाही बाजूच्या घनमुळाच्या प्रमाणात कमी होत जाते. घनमूळ! म्हणजे हमीतली चूक निम्मी करायला पिक्सेल आठपट बारीक हवा. आकडा निराश करणारा आहे, पण खरा आहे, आणि मुख्य म्हणजे खिडकी कशी निवडायची हे प्रमेयातच लिहिलेलं आहे. मला पद्धतीपेक्षा ही शिस्त जास्त मोलाची वाटते. कारण खिडकीचा पेच इथेही सुटलेला नाही. चकती मोठी झाली की टोकं बोथट होणारच. फक्त इथे तो पेच उघड्यावर मांडलेला आहे.

आकडा प्रवासाला निघतो तेव्हा

"हे सगळं तुमच्यापुरतं ठीक आहे, बाकीच्यांना काय?" असं कुणी विचारेल. तर एक ओळखीचं उदाहरण. मशीन लर्निंग शिकलेल्या बहुतेकांनी विस्कॉन्सिन स्तनकर्करोग डेटासेट हाताळलेला असतो. 569 नोंदी, त्यात 357 साध्या गाठी आणि 212 कर्करोगाच्या. सायकिट-लर्नमध्ये तो आयताच मिळतो. सुईनं काढलेल्या नमुन्याच्या चित्रात पेशींच्या केंद्रकांच्या कडा आखून दहा मापं काढली, आणि प्रत्येकाची सरासरी, प्रमाण त्रुटी व सगळ्यात मोठ्या तीन किमतींची सरासरी घेऊन 30 स्तंभ झाले. त्यात एक स्तंभ खाचांच्या तीव्रतेचा, एक खाचांच्या संख्येचा. खाच म्हणजे उणे वक्रतेची जागा, म्हणजे विषय आपलाच.

स्ट्रीट, वोल्बर्ग आणि मँगासेरियन यांच्या 1993 च्या मूळ पेपरात खाच कशी मोजली ते स्वच्छ लिहिलंय: कडेवरचे दोन बिंदू जीवेनं जोडायचे आणि कड जीवेच्या किती आत जाते ते बघायचं. पुन्हा आपला शरच. त्यांनी हेही नोंदवलंय की हे माप जीवेच्या लांबीवर फार अवलंबून असतं, छोटी जीवा छोट्या खाचा नीट पकडते, आणि त्यांनी मुद्दाम छोट्या खाचांवर भर दिला, कारण मोठा वाकडेपणा बाकीच्या मापांत येतो. किती व्यवस्थित! खिडकी आहे, ती निवडलेली आहे, आणि कारणही दिलेलं आहे.

आता डेटासेटसोबत फिरणारं वर्णन वाचा. जीवेचा उल्लेख नाही. 'खाचांची संख्या' असं नाव असलेल्या स्तंभातली सरासरी 0 ते 0.201 यांच्यामध्ये, आणि सगळ्यात मोठ्या किमतींच्या स्तंभातही 0.291 च्या वर काही नाही. संख्या म्हणता, मग तीन सगळ्यात मोठ्या किमतींची सरासरी एकापर्यंतही पोचत नाही, असं कसं? कुठल्या तरी गोष्टीनं भागलेलं असणार हे उघड आहे; कशानं, ते त्या वर्णनात नाही. मूळ लेखकांनी दिलेली माहिती वाटेत गळून पडली आणि स्तंभाचं नाव तेवढं उरलं.

वर्गात अचूकतेचा आकडा काढण्यापुरतं याने काही बिघडत नाही, कारण सगळ्या नोंदी एकाच खिडकीतून आलेल्या आहेत. पण उद्या कुणी आपल्या सूक्ष्मदर्शकावरची चित्रं घेऊन, वेगळ्या वर्धनावर, वेगळ्या लांबीच्या जीवेनं 'खाचांची तीव्रता' काढली आणि याच डेटावर शिकवलेल्या मॉडेलला दिली, तर? नाव तेच, स्तंभ तोच, आणि अर्थ वेगळा. मॉडेल तक्रार करणार नाही, ते मुकाट्यानं उत्तर देईल. आणि ते उत्तर असतं एका बाईच्या गाठीबद्दल.

मग मागायचं काय?

फार काही नाही. वक्रतेचा आकडा देणाऱ्या प्रत्येकानं चार गोष्टी लिहाव्यात. खिडकी किती, आणि ती पिक्सेलमध्ये की मायक्रॉनमध्ये. ती तेवढीच का. झुकणारी आणि हलणारी चूक वेगवेगळी. आणि पद्धत वर्तुळाबरोबरच निदान एका लंबवर्तुळावर तपासलेली, टोकाचा आकडा बाजूला काढून. या चार गोष्टी लिहायला चार ओळी पुरतात. कुठल्याही पेपरात तेवढी जागा असते.

तुमच्यापैकी जे स्वतः कड मोजत नाहीत, फक्त तयार स्तंभ वापरतात, त्यांनी एवढंच करावं: मॉडेलला स्तंभ देण्याआधी मूळ पेपर उघडून ही खिडकी शोधायची. सापडली तर आपल्या नोंदीत पहिल्या ओळीत लिहायची. सापडली नाही, तर तो स्तंभ दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जोडायचा नाही.